ज्या पाण्याचं त्या पाण्यात

शाईच्या डबीचं झाकण उघडलं तेव्हा टक् असा एवढासा आवाज झाला. पुण्याहून आलेल्या इंजिनिअर साहेबांनी ती डबी टेबलावरून माझ्याकडे सरकवली, माझ्याकडे न बघता, चहाचा कप सरकवावा तशी. कारखान्याच्या ऑफिसात पंखा फिरत होता. बाहेर सरकीचा ट्रक मागे घेताना क्लीनर ‘आन दे, आन दे’ ओरडत होता. सगळं रोजच्यासारखं होतं, पण मला वाटलं, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथं पायरी नसावी, तसं. ती डबी माझ्यासमोर येऊन बारा वर्षं झाली होती. आता आपल्या वाट्याला ती पुन्हा येत नाही, असं मी धरून चालले होते.

“इथे अंगठा लावा, बाई,” साहेब म्हणाले आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीनं फुली मारली. कागद त्यांच्या बाजूनं सरळ होता, माझ्या बाजूनं उलटा. त्यांना वाटलं असेल, हिला उलटा काय आणि सुलटा काय. पण मी अक्षरं आधी उलटीच शिकले. शिकवणारी माझ्यासमोर बसून लिहायची आणि मी पलीकडून बघायची. म्हणून मान न वळवता मी वाचलं : सदर महिला कामगार निरक्षर असल्याने तिला लेखी सूचना समजल्या नाहीत व अजाणतेपणी औषधाची मात्रा देण्याचे राहून गेले. दोनदा वाचलं. मग मी अमरचंदशेठकडे बघितलं. सरकीच्या तेलाचा हा कारखाना त्यांचा. मी या आवारात आले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि सरकीच्या ढिगावरून घसरगुंडी खेळायचे. मला वाचता येतं हे साहेबांना माहीत नव्हतं. शेठला माहीत होतं. ते टेबलावरचा काचेचा गोळा फिरवत बसले होते.

“मावशी, तुमच्याच भल्याचं आहे,” शेठ म्हणाले. “अडाणी म्हटलं की तुमच्यावर काही येत नाही. साहेबांची कंपनी पाणी गाळायचे नवे पडदे देते, प्रदूषणवाल्या साहेबांनाही उत्तर देता येतं. बिलकुल कोणाचं नुकसान न्हाई.”

कोणाचंच नुकसान नाही. माझ्या बोटांना तेव्हाही तो बुळबुळीतपणा जाणवत होता. सकाळी साहेबांनी पांढऱ्या नळीचं टोक उघडून आतली पडद्याची गुंडाळी बाहेर ओढली, तेव्हा तिच्यावर भुरकट थर होता, नासलेल्या सायीसारखा. साहेबांनी हातमोजा घालून तो खरवडला. मी उघड्या बोटानं. बोटाला जे कळतं ते मोज्याला कळत नाही. शेवाळ दोरीसारखं हाताला येतं, गाळ किरकिरतो, तेलाचा थर बोट पुसलं की जातो. हा जातच नाही. चिमटीत धरला तर नाकातल्या शेंबडासारखा लांबतो. तो जिवंत असतो. लाखो जीव एकमेकांना चिकटून वर आपल्याच लाळेचं पांघरूण घेतात, असं पुंजारामनं मला सांगितलं होतं. पुंजाराम आमचा मशीनवरचा पोरगा, आय.टी.आय. झालेला. पण पांघरुणाचं मला त्याच्या आधीपासून माहीत होतं. धावड्याला, सासरच्या गावी, सासू रांजणात हात घालून आतली भिंत चाचपायची आणि म्हणायची, “चतुरे, पानी निवळ दिसून राह्यलं म्हणून भुलू नको. भिताडाला हात लाव.” मग रांजण पालथा व्हायचा, राख आणि काथ्यानं घासला जायचा, दिवसभर उन्हात पडायचा. तोवर पाणी दुसऱ्या रांजणात. निवळ पाण्यावर माझा विश्वास तेव्हापासून नाही. माणसांच्या निवळ बोलण्यावरही फारसा नाही.

एक्याऐंशी साली मी आणि माझे मालक रामकिसन जालन्याला आलो. ते हमाल, मी सरकी पसरणारी. ते गेल्यावर मला टाक्या धुण्याचं काम दिलं, कारण टाकीत उतरायला कोणी गडी तयार नव्हता. तेल साफ करताना जे पाणी निघतं ते साबणाचं, कळकट, आंबूस वासाचं. वर्षानुवर्षं ते मागच्या नाल्यात जायचं आणि नाल्याकडं कोणी बघायचं नाही. मी उतरायची, घासायची, वर यायची. डबे मी रंगावरून ओळखायची. निळा साबणाचा, पांढरा कॉस्टिकचा. ब्याण्णव साली कॉस्टिक निळ्या डब्यात आलं. मी हात घातला. पहिल्यांदा काहीच झालं नाही, नुसतं ऊन पाणी लागल्यासारखं वाटलं, बोटं एकमेकांवरून साबणासारखी सरकली. तो साबण म्हणजे माझीच कातडी होती, हे मला नंतर कळलं. दवाखान्यातून परत आले तेव्हा उजवा अंगठा गुळगुळीत झाला होता, नदीतल्या गोट्यासारखा. भरपाईच्या कागदावर तोच अंगठा लावला, तेव्हा कारकुनानं तीनदा पुसून तीनदा लावून घेतला. तीनही वेळा नुसता निळा ठिपका उमटला. “बाई, तुमच्या अंगठ्याला रेघाच न्हाईत,” तो हसला. “आता तुम्ही कोण हे कसं सांगायचं?”

हे लाडबाईंनी ऐकलं. लाडबाई म्हणजे शेठच्या आई, माँजी. सारवलेल्या अंगणासारखा त्यांचा स्वभाव होता, वरून मऊ, खाली टणक. दुपारी त्या ऑफिसच्या ओट्यावर डाळ निवडत बसायच्या. त्यांनी मला बोलावलं. परातीत सरकी पसरली, बोटानं तिच्यात एक वाकडी रेघ काढली आणि म्हणाल्या, “चतुरी, डबा बदलला तर तू जळणार. रंग बदलून राह्यले, अक्षर बदलत न्हाई. हा क. क म्हंजे कॉस्टिक.” मी म्हणाले, “माँजी, चाळीस पार झाले. आता कुठं?” त्या म्हणाल्या, “मंग मर. माझं काय जातं?” आणि पुन्हा डाळ निवडायला लागल्या. मी समोर बसले. पहिलं अक्षर कॉस्टिकचा क, दुसरं धोक्याचा ध, तिसरं माझ्या नावाचा च. तीन पावसाळे गेले. एकदा त्यांनी मला माझं पूर्ण नाव लिहायला लावलं. मी लिहिलं. त्यांनी परात हलवून ते मोडलं आणि म्हणाल्या, “फिर से. जन्मभर पुरलं पायजे.”

त्या पाणी गाळून, उकळून प्यायच्या. दुहेरी पांढरं कापड हंड्याच्या तोंडाला बांधायच्या आणि गाळून झालं की कापड झटकत नसत. कापडाला जे लागलं असेल, दिसो न दिसो, ते गाळलेल्या पाण्याचीच बारीक धार सोडून एका लहान लोटीत उतरवायच्या. मग ती लोटी नोकराच्या हातानं नाही, स्वतःच्या हातानं दोरीला बांधून विहिरीच्या पाण्यापर्यंत सोडायच्या. वरून ओतायच्या नाहीत. “पडले तर मरतील ना,” म्हणायच्या. “ज्या पाण्याचं त्या पाण्यात.” मला हसू यायचं. धावड्याला आम्ही राख आणि काथ्या लावणारी माणसं. पण मी कधी हसले नाही, कारण गुडघे धरून, कण्हत, त्या विहिरीच्या काठावर वाकायच्या ते बघवत नसे. दोन-चारदा मी म्हणाले, आणा, मी सोडते. त्या म्हणाल्या, “तू घासणारी. तुझा हात जड.”

दोन हजार दोन साली पडदे आले. आता एक थेंब बाहेर सोडायचा नाही, असा हुकूम निघाला होता. सगळं कळकट पाणी आधी हवेच्या टाकीत न्यायचं. तिथं शेण आणि गूळ घालून जंतूंचं विरजण लावलेलं, खालून हवा सोडायची, म्हणजे ते जंतू पाण्यातली घाण खातात. मग वाळूतून गाळायचं. मग हायपो, ते क्लोरीनचं औषध, घालायचं, म्हणजे पाठोपाठ आलेले जंतू मरतात. पण हायपो पडद्यालाही जाळतं, म्हणून पडद्याआधी दुसरं औषध टाकून हायपोची धार मोडायची. ते धार मोडलेलं पाणी लहान टाकीत, तिथून सुताच्या गाळण्यांतून पडद्यात. पडद्यातून पाणी पिळून काढायचं. ते इतकं निवळ की बॉयलरला चालतं. पुंजारामनं हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. मी लहान टाकीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “रोग इथं हाये.” तो म्हणाला, “काहून?” मी म्हणाले, “इथं औषधाची धार मोडली. एखादा जीव जरी वाचून इथवर आला, तर त्याला अडवणारं कोणी न्हाई. रांजणच हाये हा.” त्यानं खडूनं त्या टाकीभोवती गोल काढला. मग आम्ही दोघांनी एक रीत बसवली. गाळण्यांचे दोन जोड. एक लावलेला, दुसरा हायपोत बुडवून, धुऊन, उन्हात. लहान टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासायची. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हलण्याआधी तीन दिवस माझं बोट सांगायचं की गाळणीवर थर धरतोय. दोन वर्षं पडदे एकदाही चोंदले नाहीत. साहेब तेव्हा आले होते. शेठला म्हणाले होते, “तुमचा ऑपरेटर चांगला आहे.” पुंजाराम माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसला होता.

“बाई, लावताय ना?” साहेबांनी घड्याळात बघितलं.

यंदा माघात माँजी अंथरुणाला खिळल्या. मी रोज सुट्टी झाली की जायची. एकदा त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “चतुरी, त्या नव्या गाळणीतलं कुठं टाकतेस?” मी हायपोत टाकत होते. हायपोत टाकणं हेच तर काम होतं. मी म्हणाले, “ज्या पाण्याचं त्या पाण्यात, माँजी.” “बराबर?” “बराबर.” त्यांनी माझा गुळगुळीत अंगठा हातात धरला आणि तसाच धरून झोपल्या. आठ दिवसांनी गेल्या.

खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोलले आहे. हजेरीवर बोलले, दुकानदाराशी बोलले, नवऱ्याशी बोलले. कोणतंच हाताला चिकटलं नाही. हे चिकटलं. पुसलं तरी जाईना, चिमटीत धरलं की लांबायचं. गाळण्या हायपोत बुडवताना मला परातीतली सरकी दिसायची आणि तिच्यात माझं नाव. तेराव्या दिवशी मी गाळणी बाहेर काढली, बादलीत हलक्या हातानं धुतली, आणि ती बादली लहान टाकीत सोडली. वरून ओतली नाही. दोरीला बांधून पाण्यापर्यंत सोडली. हायपोच्या टाकीत सोडली असती तर सगळं तिथंच मेलं असतं, मग सोडायचं कशाला? काय होणार ते मला ठाऊक होतं. मीच बोट ठेवलं होतं त्या टाकीवर. तरी सोडली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. टाकी घासायचंही मी थांबवलं. तीन आठवडे मी माझं खोटं खरं करत होते. त्या तीन आठवड्यांत मला शांत झोप लागत होती. मग गेजचा काटा चढायला लागला, पाणी निम्म्यावर आलं, आणि परवा पंप बंद करावा लागला. हायपो एकही दिवस चुकलं नव्हतं. साहेबांना ते पटत नव्हतं. सकाळी मी तसं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बाई, तुम्हाला त्यातलं कळत नाही.”

कळत नाही म्हणे. आत्ता, शाईची डबी उघडी असताना, मला राग येत होता तो या शब्दाचा. मी चुकले होते, मोठं चुकले होते. पण ही चूक अडाण्याला करता आली नसती. तिच्यासाठी धार मोडलेलं पाणी कोणतं ते माहीत असावं लागतं. माझं सगळं शिकलेलं त्या चुकीत घातलं होतं मी, आणि हे तिला अजाणतेपणी म्हणत होते. माझ्याकडं दुसरं होतं काय? अंगठ्याच्या रेघा कॉस्टिकनं नेल्या. त्या बदल्यात अक्षरं मिळाली. तीही आता एका फुलीवर परत द्यायची, आणि देऊन वर यांची दया घ्यायची.

“पेन द्या,” मी म्हणाले.

“पेन कशाला?”

“शाई बोटाला लागते, साहेब.”

शेठनं गोळा फिरवायचा थांबवला. “मावशी, उगं गंमत करू नका. सही केली की सगळं बदलतं. मंग तुम्हाला समजत होतं असं होईल.”

“समजतच होतं.”

“नोकरी जाईल,” साहेब म्हणाले. आवाज खरोखर काळजीचा होता. “कंपनी म्हणेल, जाणूनबुजून केलं.”

“मंग बरोबरच म्हणंल ती. पेन द्या.”

कोणी दिलं नाही. मी शेठच्या खिशातलं काढून घेतलं. लहानपणी त्यांच्या नाकाला पदर लावलेला असल्यामुळे त्यांनी मला अडवलं नाही. कागद माझ्या बाजूला फिरवला, ‘निरक्षर’वर एक रेघ मारली, आणि खाली रिकाम्या जागेत लिहायला लागले. माझं अक्षर मोठं आहे, सरकीत काढतात तेवढं. ‘मला वाचता येते. सूचना समजल्या होत्या. औषध एक दिवस चुकले नाही. गाळणीत अडकलेले मी ज्या पाण्याचे त्या पाण्यात सोडले.’

इथं पेन थांबलं. ज्या पाण्याचे. मी माझंच वाक्य बघत बसले. कोणत्या पाण्याचे? गाळणीतले जीव लहान टाकीतले नव्हतेच. तिथं ते येऊन चिकटले होते एवढंच. त्यांचं पाणी मागचं होतं, हवेच्या टाकीचं, शेणागुळाचं, जिथं आम्हीच त्यांना खाऊ घालून वाढवतो, जिथं जास्तीचे आले तर हवेच असतात. माँजी हंड्यातलं कधी हंड्यात सोडत नसत. विहिरीत सोडत. गुडघे धरून विहिरीपर्यंत जात. मला विहीर सोडून हंडाच दिसला होता, कारण मला प्रायश्चित्ताची घाई झाली होती. बादली तीस पावलं मागं नेली असती तर माँजींचा शब्दही राहिला असता आणि पडदेही राहिले असते. ऑफिसात दोघांसमोर मला हसू आलं. मग रडू येईल म्हणून मी पटकन लिहिलं : ‘तिथे माझे चुकले. यापुढे गाळणीचे धुवण हवेच्या टाकीत सोडावे. लहान टाकी दर आठ दिवसांनी घासावी. ही लेखी सूचना समजावी.’ खाली नाव, चतुराबाई रामकिसन धावडेकर.

साहेबांनी कागद उचलून वाचला. पुन्हा वाचला. “हवेच्या टाकीत,” ते स्वतःशी म्हणाले. “तसं... बरोबर आहे हे.” मग कागद शेठकडे गेला. शेठ एका ओळीवर थांबले. ती ओळ त्यांनी आईच्या मांडीवर बसून ऐकलेली होती.

“मावशी,” ते म्हणाले, “हे तुम्हाला करायला कोणी सांगितल्तं?”

माझा गुळगुळीत अंगठा धरून झोपलेला एक सुकलेला हात मला दिसला.

“माझा हात कोणी धरला न्हौता, शेठ. मी केलं.”

त्यांना कळलं. मला कळलं की त्यांना कळलं. त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण काचेचा गोळा उगाच जागेवरून हलवला. “मला तुम्हाला ठेवता येणार न्हाई,” ते म्हणाले. “कागद असा गेला की न्हाई येणार.”

“नका ठेवू. उद्यापासून न्हाई येत. पण आज पडदे मीच धुणार. मी चोंदवलेत.”

“निदान सहीशेजारी अंगठा तरी द्या,” साहेब ओशाळून म्हणाले. “ओळख पटवायला लागतो.”

मी डबीत अंगठा दाबला आणि कागदावर टेकवला. निळा, गोल, कोरा ठिपका उमटला. एक रेघ नाही. साहेबांनी तो उजेडात धरला, तिरपा केला.

“घ्या,” मी म्हणाले. “ओळखा आता.”

पुंजारामनं कॉस्टिकचं पाणी कोमट करून ठेवलं होतं. डब्यावरचं नाव वाचून, मोजे घालून, आम्ही ते पडद्यांतून फिरवलं, भिजत ठेवलं, पुन्हा फिरवलं. पहिलं परतलेलं पाणी चहासारखं आलं, मग फिकट, मग आणखी फिकट. चार वाजता काटा खाली सरकायला लागला. पूर्ण उतरेल की नाही ते उद्या कळणार होतं आणि उद्या मी नव्हते. तोवर मी गाळण्या काढल्या, बादलीत हलक्या हातानं धुतल्या, आणि बादली घेऊन तीस पावलं मागं गेले. हवेच्या टाकीच्या शिडीवर चढताना गुडघे बोलले. वर फेस होता आणि ओल्या मातीचा वास. बादलीला दोरी बांधून मी ती पाण्यापर्यंत सोडली.

“मावशी, वतून द्या की वरूनच!” पुंजाराम खालून ओरडला. “इत्ते नखरे कशाला?”

“वाच,” मी म्हणाले, “फळ्यावर लिवलंय.”

“कुठं? फळ्यावर तर साहेबाच्याच सूचना हायेत.”

मी खाली उतरले. ओल्या फडक्यानं फळा वरपासून खालपर्यंत पुसला, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहायला लागले.